वय ८४, न्यूमोनिया... माणूस बरा होऊन घरी येणार की नाही हे नक्की कशावर ठरतं?

सांजवेळ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आईला (वय ८४) न्यूमोनिया झाला म्हणून साताऱ्यात ॲडमिट केलं. रात्री अकराला कॅज्युअल्टीत पोचलो, ऑक्सिजन ८६, आई ग्लानीत. मला वाटलं आता वय विचारतील आणि मान हलवतील. तिथली डॉक्टर मुलगी, तिशीचीही नसेल, तिने वय लिहून घेतलं आणि लगेच विचारलं, "आजी पंधरा दिवसांपूर्वी काय काय करायच्या?" मी म्हटलं अहो ठणठणीत होती. तर म्हणाली तसं नको, नीट सांगा, अंघोळ स्वतःची स्वतः? जिना चढतात? पैशांचा हिशोब कळतो? मग सांगितलं की सकाळी अंगणात बसून प्राजक्त वेचते आणि कशाला न धरता उठते, चहा स्वतः करते, दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहिते आणि दूधवाल्याने अर्धा लिटर जास्त लावलं तर त्याला फाटकातच थांबवते. तिने हे सगळं केसपेपरवर लिहिलं!

शेजारच्या बेडवर ७१ वर्षांचे काका होते. त्यांनाही न्यूमोनियाच. पण अर्धांगाचा झटका येऊन सात महिने अंथरुणाला खिळलेले, हातापायांच्या काड्या झालेल्या, पाठीला जखम. ते पाचव्या दिवशी गेले. त्यांची सून जिन्यात बसून रडत होती, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आई नवव्या दिवशी घरी आली. तेरा वर्षांनी मोठी असून.

पण घरी आलेली आई तीच नाहीये. खुर्चीतून उठताना दोन हात लागतात, प्राजक्त तसाच पडून राहतो.

म्हणून विचारतेय, नक्की कशावर ठरतं हे? वय, आजार, आधीची तब्येत, की हॉस्पिटलातले दिवस? घाईचं कारण म्हणजे आज संध्याकाळी सातला मामा (वय ८७) बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलंय. घरात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात ऑपरेशन करा, अर्धे म्हणतात या वयात कशाला चिरफाड, पायाला वजन लावून घरीच ठेवू. अनुभव लिहा प्लीज.

खडूफळा | शनिवार, ९:५२

आधी मामांचं बघा, बाकी चर्चा नंतर. सासऱ्यांच्या वेळी आम्ही चार दिवस फोनाफोनीत घालवले, पुण्याच्या काकांना विचार, अमेरिकेतल्या दिराला विचार. पाचव्या दिवशी छातीत कफ भरला आणि भूल देणारे डॉक्टर म्हणाले आता धोका वाढलाय. ते चार दिवस मला आजही टोचतात.

स्टेथोवाला | शनिवार, १०:३५

ताई, मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. आत्ताच राउंड संपला, मोबाइलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

त्या मुलीने अगदी योग्य प्रश्न विचारला. म्हातारपणातल्या अशक्तपणाची एक मोजपट्टी आहे, क्लिनिकल फ्रेल्टी स्केल, २००५ साली कॅनडात रॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली, तेव्हा सात पायऱ्यांची, नंतर नऊ केल्या. १ म्हणजे एकदम दणकट, ९ म्हणजे आयुष्याचे शेवटचे काही महिने. पाचच्या आसपास बाहेरची कामं, पैशांचे व्यवहार याला मदत लागायला लागते, सहाला अंघोळीलाही, सातला सगळंच दुसऱ्याने करावं लागतं. आणि मार्क द्यायचे ते आजच्या अवस्थेवर नाहीत, साधारण दोन आठवड्यांपूर्वी माणूस कसा होता त्यावर, कारण तापाने फणफणलेला पैलवानही ॲडमिट होताना आडवाच असतो. तुमच्या आई तीनच्या आसपास असाव्यात, शेजारचे काका सातला.

न्यूमोनियाचाच दुसरा हिशोब सांगतो. कर्ब-६५ म्हणून स्कोअर असतो, पाच मार्कांचा. भान हरपलंय का, रक्तातला युरिया वाढलाय का, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त आहेत का, बीपी पडलंय का, आणि वय ६५ किंवा पुढे. पाचातला एकच मार्क वयाचा आहे बघा! बाकीचे चार शरीर आजाराला कसं तोंड देतंय त्याचे. शिवाय उतरलेलं वजन, रक्तातलं कमी अल्ब्युमिन (एक प्रोटीन), किडनी, हार्ट, आधीचा विसरभोळेपणा हे सगळं पारड्यात पडतं. वय मोजलं जातंच, नाही म्हणणार नाही, पण नुसत्या वयावरून निर्णय घेणं म्हणजे गाडी न बघता नुसतं पासिंगचं वर्ष बघून भंगारात काढणं.

मामांबद्दल माझं स्पष्ट मत: ऑपरेशन. दुखणाऱ्या हाडाचा माणूस कूस बदलत नाही, खोकत नाही, जेवत नाही, मग छाती भरते, पायात गुठळी होते, पाठीला जखम होते. बहुतेक माणसं मोडक्या हाडाने जात नाहीत, पडून राहण्याने जातात. शक्यतो ४८ तासांच्या आत. हार्टचा इको, रक्त पातळ करायच्या गोळ्या हे तिथले डॉक्टर बघतीलच, तुम्ही त्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. चिठ्ठी नको, गोळ्याच.

पानगळ | शनिवार, १०:५०

डॉक्टरसाहेब, आदर आहे पण पूर्ण पटलं नाही. माझी आजी ७९ची, रोज पर्वतीला चढायची, कसलीही गोळी नाही. साधा युरिन इन्फेक्शनचा ताप म्हणून ॲडमिट केलं आणि तीन दिवसांत गेली. तुमच्या स्केलवर एक नंबर आला असता तिला. मग काय अर्थ त्या आकड्याला?

स्टेथोवाला | शनिवार, ११:०५

पानगळ, आजींबद्दल वाईट वाटलं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, आकडा शंभर जणांचा असतो आणि आपल्या घरात एकच आजी असते. जंतू रक्तात पसरले तर धट्टीकट्टी माणसंही हातची जातात, मी स्वतः पाहिलीत. स्केलचा उपयोग भविष्य सांगायला नाही. कुणाकडे जास्त डोळ्यांत तेल घालून बघायचं, कुणाला किती ट्रीटमेंट झेपेल, आणि नातेवाइकांशी खरं काय बोलायचं, यासाठी आहे तो.

माई_सिस्टर | रविवार, सकाळी ६:१५

नाइट संपवून आले, धागा वाचून राहवलं नाही. ३१ वर्षं वॉर्डात काढलीत.

डॉक्टरांनी आधीचं सगळं सांगितलं, मी ॲडमिट झाल्यावरचं सांगते. म्हातारी माणसं वॉर्डात दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बरळायला लागतात. सलाइन ओढतात, घरी जायचंय म्हणून उठतात, मुलाला ओळखत नाहीत. घरचे घाबरतात, म्हणतात वेड लागलं, कुणी म्हणतं वात झाला. याला डिलिरियम म्हणतात आणि तो आजाराचाच भाग आहे. ज्याला डिलिरियम होतो तो जास्त दिवस राहतो, जास्त पडतो, आणि घरी परत न जाण्याची शक्यताही त्याचीच जास्त. काहीजण आरडाओरडा न करता नुसते गप्प होतात, छताकडे बघत राहतात, आणि सगळ्यांना वाटतं आजोबा शांत झोपलेत. तो गप्प प्रकार मला जास्त घाबरवतो.

आता काम सांगते. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी, या तीन वस्तू हॉस्पिटलात आणा!! शंभरातले निम्मे नातेवाईक "हरवेल" म्हणून घरी डबीत ठेवून येतात. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, अशा माणसाला अनोळखी खोलीत, रात्रभर जळणाऱ्या ट्यूबखाली ठेवलं तर कुणाचंही डोकं फिरेल. मागे एक आजोबा होते, तीन रात्री हात बांधून ठेवावे लागले होते. चौथ्या दिवशी नात आली, पर्समधून त्यांचं कानाचं मशीन काढलं, बसवलं आणि कानाशी म्हणाली "आबा, मी आलेय." आबा म्हणाले, "मग एवढा वेळ कुठं होतीस?" त्या रात्री हात सोडले.

घड्याळ आणि कॅलेंडर समोर ठेवा. वार सांगा, गाव सांगा. दिवसा पडदे उघडा, रात्री दिवे मालवायला सांगा, आम्ही ऐकतो. घरातलं ओळखीचं माणूस रात्री जवळ असू द्या, दर दोन तासांनी बदलणारी माणसं नकोत.

कोरेगावकर | रविवार, ७:४०

माई, दंडवत घ्या. आमच्या आत्याला ॲडमिट केलं तेव्हा तिने रात्री दोनला सिस्टरना विचारलं, "ही यष्टी कोरेगावला थांबते ना?" सिस्टर पण अशा भल्या, म्हणाल्या थांबते आजी, पण अजून सातारा स्टँडवरच आहे, गाडी सुटली की उठवते. आत्या लगेच निवांत झोपली. आम्ही मात्र तासभर "आत्या, हे हॉस्पिटल आहे" म्हणून वाद घालत बसलो होतो. नंतर रक्तातलं सोडियम ११८ निघालं, म्हणजे फारच कमी, बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषध मिसळलेलं होतं त्याने. गोळी बदलली, सोडियम हळूहळू वर आणलं, आत्या जागेवर.

स्टेथोवाला | रविवार, ८:१०

कोरेगावकर, हे फार बघायला मिळतं. त्यात भर म्हणजे सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, खाजेच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या. म्हाताऱ्या माणसांना कुठली औषधं टाळावीत याची बीअर्स यादी १९९१ पासून आहे आणि या तिन्ही त्यात आहेत. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली साधी सर्दीची गोळीसुद्धा ऐंशीच्या माणसाला भ्रमिष्ट करू शकते. म्हणून गोळ्यांची पिशवी.

माईंच्या मुद्द्याला दुजोरा. १९९९ साली अमेरिकेत न्यू हेवनला ७० पुढच्या ८५२ पेशंटवर हेच करून पाहिलं, चष्मा, मशीन, पाणी, झोप, चालवणं, गप्पा. नेहमीच्या वॉर्डात शंभरातल्या १५ जणांना डिलिरियम झाला, या वॉर्डात १० जणांना. नवीन औषध एकही नाही.

फिजिओ_ताई | रविवार, ९:३०

सांजवेळ, तुझ्या आईचं खुर्चीतून न उठणं हा खरा गाभा आहे. २००७ चा एक अभ्यास आहे, साधारण ६७ वर्षांच्या *निरोगी* माणसांना दहा दिवस नुसतं बेडवर ठेवलं. दोन्ही पायांचे मिळून जवळपास एक किलो स्नायू गेले! आजार नाही, ताप नाही, फक्त झोपून. तुझी आई ८४ची, वर न्यूमोनिया, नऊ दिवस. हॉस्पिटलात येणाऱ्या सत्तरीपुढच्या लोकांत साधारण तीनातला एक जण अंघोळ, कपडे, चालणं यातलं काहीतरी गमावून घरी जातो. आजार बरा झाला म्हणून डिस्चार्ज कार्डावर "सुधारणा" लिहिलेलं असतं.

हे भरून येतं पण आपोआप नाही. खुर्चीतून उठ-बस, दिवसातून तीन वेळा, पहिल्यांदा पाच-पाच, हात टेकून चालेल. खुर्ची भिंतीला लावलेली, समोर कुणीतरी उभं. पंधरा दिवसांनी हात कमी करायला सांग. आणि चालायचा वेग बघ, चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने पाच सेकंदांत होतंय का. वेग हा माणूस किती जगेल याचाही अंदाज देतो हे २०११ मध्ये चौतीस हजारांवर ज्येष्ठांची माहिती एकत्र करून दाखवलंय. सेकंदकाटा लागतो फक्त.

फोंडेकरीण | रविवार, ११:२०

जेवणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. आमच्याकडे गोव्यात आजारी माणूस म्हटला की पेज. पेज आणि लोणच्याची फोड. सासूबाईंना बारा दिवस आम्ही मोठ्या प्रेमाने पेज भरवली आणि आहारतज्ज्ञ बाई आल्या त्या कपाळाला हात लावून उभ्या. म्हणाल्या आजारी म्हाताऱ्या माणसाला किलोमागे १.२ ग्रॅम तरी प्रोटीन हवं, ५० किलोच्या बाईला दिवसाला ६०. तुमच्या पेजेत किती असेल? तेव्हापासून पेजेत मुगाची डाळ शिजवून घोटली, दुपारी दोन अंडी, संध्याकाळी दही, मासळीचा काटे काढलेला तुकडा. एका अंड्यात सहा ग्रॅम धरा. दूध-बिस्किटावर माणूस उभा राहत नाही.

स्टेथोवाला | रविवार, ११:४५

फोंडेकरीण, लाखाचं बोललात. फक्त किडनीचा पेशंट असेल तर प्रोटीन डॉक्टरांना विचारून.

रोखठोक | रविवार, १२:३०

सगळं छान आहे, पण जो मुद्दा कुणी काढत नाही तो मी काढतो. पैसा. आयसीयूच्या रोजच्या बिलावर ठरतं म्हातारा किती दिवस लढणार. आमच्या गल्लीत दोन घरांनी "घरी नेतो" म्हणून सही केली, पेशंट सुधारत असताना. फ्रेल्टी स्केलवर खिशाचा मार्क कुठे आहे?

खडूफळा | रविवार, १२:५५

कटू आहे पण खरं आहे. एक करता येईल, ७० वर्षं पूर्ण असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. घरच्यांचं आयुष्मान कव्हर आधीपासून असलं तरी सत्तरीपुढच्यांना हे वेगळं मिळतं. आधार लागतं. पण यादीतल्या हॉस्पिटलातच चालतं, म्हणून आपल्या जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आजच बघून कागदावर लिहून फ्रिजवर लावा. रात्री अकराला कॅज्युअल्टीत उभं राहून हे शोधता येत नाही, मी शोधलंय.

लीड्सवासी | रविवार, दुपारी २:१०

सांजवेळ, मामांचं काय झालं? मी इथे इंग्लंडमध्ये हाडांच्या वॉर्डात नर्स आहे, मूळची सांगलीची. इथे २००७ पासून मोडलेल्या खुब्याच्या प्रत्येक पेशंटची राष्ट्रीय नोंद ठेवतात. किती तासांत ऑपरेशन झालं, म्हातारपणाचे डॉक्टर येऊन बघून गेले का, दुसऱ्या दिवशी उभं केलं का. ३० दिवसांत जाणाऱ्यांचं प्रमाण २००७ ला शंभरात सुमारे ११ होतं, ते २०११ पर्यंत साडेआठवर आलं. म्हाताऱ्यांची वयं कमी झाली नव्हती ना चार वर्षांत! वेळेवर ऑपरेशन आणि हाडांच्या व म्हातारपणाच्या, दोन्ही डॉक्टरांनी मिळून बघणं, यानेच फरक पडला.

खोटा धीर देत नाही, खुबा मोडणं हा मोठा दणका आहे, वर्षभरात चारातला एखादा जातोच, सगळं नीट करूनही. पण ऑपरेशन नुसतं जगण्यासाठी नसतं. टॉयलेटला उठवून बसवताना माणूस किंचाळू नये यासाठी पण असतं. मामांना विचारलंय का कुणी, त्यांना काय हवंय?

मिशिगनकर | रविवार, संध्याकाळी ६:२०

शेवटचा प्रश्न काळजाला लागला. बाबा इथे आलेले असताना ॲडमिट झाले, तेव्हा पहिल्याच तासात डॉक्टरने विचारलं की हृदय थांबलं तर छाती दाबून चालू करायचं का. मला इतका राग आला, म्हटलं आत्ता आलोय आणि हा मरणाचं विचारतो. बाबा (वय ८१) शांतपणे म्हणाले, "दाब. पण मशीनवर नुसता पडून राहिलो तर काढ." मला माहीतच नव्हतं त्यांचं हे ठरलेलं होतं. नंतर वाचलं की इथल्या हॉस्पिटलांत ६५ पुढच्यांचं हृदय थांबून छाती दाबली तर शंभरातले सुमारे १८ जण हॉस्पिटलातून जिवंत बाहेर पडतात. टीव्हीवर तर सगळेच उठून बसतात.

भारतात पण आता असं आधी लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टाचा ९ मार्च २०१८ चा निकाल आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये तो सोपा केला, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही.

जुनाजाणता | रविवार, ७:०५

माफ करा, पण हे लिहून घेणं म्हणजे पोरांनी हात झटकायची सोय. मी ७६चा आहे, माझ्या मुलाने असला कागद पुढे केला तर मला काय वाटेल विचार करा. अशुभ बोलू नये म्हणतात ते उगीच नाही.

माई_सिस्टर | रविवार, ७:३०

काका, तुमचं वाटणं मी समजू शकते. पण कागद मुलाने पुढे करायचा नाहीच, तुम्ही त्याला बोलवायचं. तीन भावंडं वॉर्डाच्या दारात एकमेकांच्या अंगावर ओरडताना मी इतक्यांदा बघितलीत. एक म्हणतो व्हेंटिलेटर लावा, एक म्हणतो नको, आणि आत ज्याचं शरीर आहे त्याला बोलता येत नाही. "माझं सगळं करा" असंही लिहिता येतं की. आधी बोललेलं असलं तर मुलं भांडत नाहीत, एवढंच.

जुनाजाणता | रविवार, ८:१५

"माझं सगळं करा" असं लिहिता येतं हे माहीत नव्हतं. बघतो. हिच्याशी बोलतो.

सांजवेळ | सोमवार, रात्री ८:५०

सगळ्यांना एकेकट्याला उत्तर देता येत नाहीये, पण धागा अख्ख्या घराला मोठ्याने वाचून दाखवला. लीड्सवासी, तुझा प्रश्न वाचून मामेभाऊ उठून मामांकडे गेला. मामा म्हणाले, "मला संडासला स्वतः जाता आलं पाहिजे. त्यासाठी काय करायचं ते करा." विषय संपला. आज दुपारी बाराला ऑपरेशन झालं, म्हणजे पडल्यापासून ४१ तासांत. कमरेखाली भूल, खुब्याच्या सांध्याचा नवा बॉल बसवला. चष्मा, मशीन, कवळी तिन्ही उशाशी आहेत.

सांजवेळ | वीस दिवसांनी

धागा वर काढतेय. मामांना दोन रात्री बरळणं झालंच, कारखान्यात ऊस घेऊन चाललोय म्हणायचे. भाऊ जवळ बसून "काट्यावर नंबर लागलाय, थांबा जरा" म्हणत राहिला (कोरेगावकर, तुमच्या यष्टीवरून सुचलं). तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं. बाराव्या दिवशी घरी. काल वॉकरने संडासच्या दारापर्यंत स्वतः गेले. आईची उठ-बस आता दहावर आलीय, एका हाताने.

फिजिओ_ताई, एक विचारायचंय, मामांकडे कमोड आहे पण फार बुटका आहे, बसले की उठता येत नाही, आणि भिंत डावीकडे आहे, ऑपरेशन उजव्या पायाचं. दांडी कुठे लावू?

फिजिओ_ताई | वीस दिवसांनी, अर्ध्या तासाने

सीटवर बसवायचा उंच करणारा तुकडा मिळतो सर्जिकलच्या दुकानात, चार इंची घे, घट्ट बसतो का बघून. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खालीच राहिले पाहिजेत, बॉल बदलल्यावर हे सांभाळावं लागतं. दांडी डाव्या भिंतीला लाव, चालेल, चांगल्या पायाच्या बाजूला जोर येईल. उजवीकडे जमिनीवर टेकणारी फ्रेम ठेव. प्लास्टिकची टॉवेल अडकवायची दांडी लावू नका, वजनाने उपटते, स्टीलची लावा आणि प्लंबरला टाइलमागे वीट आहे ना ते ठोकून बघायला सांग. आणि संडासातला दिवा रात्रभर चालू.